वही कुणाची?

मंडळी, आजचा विषय बौद्धिक अक्षमता असलेल्यांना नोकरीत मदत करणारं तंत्रज्ञान. सुरुवात मात्र आम्ही तत्त्वज्ञानातल्या एका निबंधापासून करतो. तो वर्षानुवर्षं शिकवताना त्यातली एक उणीव आमच्याही नजरेतून निसटली.

अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९८ मध्ये ‘विस्तारित मन’ ही कल्पना मांडली. त्यांच्या उदाहरणातल्या ऑटोला स्मृतिभ्रंश आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियमला जायचं, तर तो वही उघडतो, पत्ता बघतो आणि निघतो. वही सतत जवळ, तिच्यावर पूर्ण भरवसा. मग ती त्याच्या स्मृतीचाच भाग का मानू नये? मन कवटीपाशी संपत नाही, हे आम्हाला आजही पटतं.

आता पनवेलला या. समजा, शेजारच्या तळोजा एमआयडीसीत एक तरुण पॅकिंगचं काम करतोय. मोबाइलवर चित्रं येतात : बाटली पुसा, खोक्यात ठेवा, चिकटपट्टी लावा. वाचता येत नसलं तरी अडत नाही. ऑटोची वहीच की ही!

पण बघा, ऑटोची वही त्याची स्वतःची होती, त्यानंच लिहिलेली. इथे चित्रं दुसऱ्यानं लावलीत. खोकं बदललं, तर चित्र कोण बदलणार? नाही बदललं, तर पोरगा जुन्याच क्रमानं चालणार आणि ठपका येणार त्याच्या बुद्धीवर. शिवाय तोच मोबाइल मिनिटं मोजून वर कळवू लागला, तर ती वही राहिली, की मुकादम झाली?

१९९५ च्या अपंग कायद्यातल्या ३ टक्के आरक्षणात बौद्धिक अक्षमतेला जागाच नव्हती. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ती दिली. ४ टक्क्यांतला १ टक्का, तोही स्वमग्नता, मानसिक आजार अशा गटांबरोबर वाटून. सरकारी आस्थापनांनी वाजवी फेरबदल करून द्यावेत, असंही म्हटलं. खासगी कारखान्याला हे आरक्षण नाही, पण समान संधीचं धोरण जाहीर करणं त्यालाही आहेच.

आमचं म्हणणं एवढंच, की मोबाइल हातात दिला म्हणजे फेरबदल झाला असं समजू नका. शेजारी उभं राहून शिकवणारा, चित्रं वेळेवर बदलणारा माणूस हाही त्या सोयीचाच भाग. आणि त्या तरुणाला विचारा : हा क्रम कळतोय का? मोजणी चालेल का? त्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. तोवर वही त्याच्या खिशात असेल, पण त्याची नसेल.