भारतीय पतंगांचे वर्गीकरण व भौगोलिक वितरण : हॅम्पसनच्या खंडांचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना
भारतीय पतंगांच्या अभ्यासकास आजही 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील जॉर्ज हॅम्पसन यांच्या चार खंडांकडे (१८९२-१८९६) वळावे लागते. निलगिरीत चहामळ्याच्या निमित्ताने आलेल्या हॅम्पसन यांना तेथेच या विषयाची गोडी लागली. विखुरलेली वर्णने एकत्र आणून त्यांनी ओळख-तक्ते सिद्ध केले, हे त्यांचे ऋण निर्विवाद आहे. तथापि, हा ग्रंथ आधारभूत मानावा की अंतिम प्रमाण, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

वर्गीकरणाची मर्यादा
हॅम्पसन यांचे वर्गीकरण मुख्यतः पंखांच्या शिराविन्यासावर उभे आहे. पुढे जननांगांच्या व डीएनएच्या अभ्यासाने ही मांडणी बदलली. त्यांनी स्वतंत्र कुले मानलेली आर्क्टिइडी व लायमँट्रिइडी आज इरेबिडी या कुलातील उपकुले ठरली आहेत. जुनी कुलनामे तशीच ठेवून केलेली कुलनिहाय जातिसंख्येची तुलना त्यामुळे निरर्थक ठरते.

वितरणाची मर्यादा
वितरणाबाबत उणीव अधिक गंभीर आहे. अनेक जातींपुढे केवळ विस्तीर्ण प्रदेशाचा उल्लेख येतो. उंची, ऋतू वा वनप्रकार यांचा बोध होत नाही. शिवाय जातीची ओळख चुकली की वितरणही चुकते. अ‍ॅटॅकस अ‍ॅटलस ही जाती लिनियस यांनी १७५८ मध्ये नोंदविली, तर अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस मूर यांनी १८८२ मध्ये. पायग्लर यांनी १९८९ मध्ये केलेल्या या वंशाच्या पुनरीक्षणानुसार दक्षिण भारत व श्रीलंकेतील जाती टॅप्रोबॅनिस होय. तरीही सह्याद्रीतील या भव्य पतंगाची नोंद पुष्कळदा 'अ‍ॅटलस' अशीच होते. परिणामी, मर्यादित प्रदेशातील जाती आशियाभर पसरलेल्या जातीत लुप्त होते आणि तिच्या संरक्षणाचा विचारच उद्भवत नाही.

पर्यायी आदर्श
याच मालेतील बेल व स्कॉट यांचा स्फिंजिडी कुलावरील खंड (१९३७) या दृष्टीने उल्लेखनीय आहे. कारवार परिसरात वनखात्यात दीर्घकाळ सेवा केलेल्या बेल यांनी अळ्या स्वतः वाढविल्या. अळीची रूपे, खाद्यवनस्पती व सवयी यांमुळे तेथे जातीला अधिवास लाभतो. ती केवळ टाचणीला टोचलेला नमुना उरत नाही.

समारोप
महाविद्यालयीन परिसरातील पतंगसूची आज मोठ्या संख्येने प्रसिद्ध होत आहेत. जुन्या ग्रंथाशी अथवा छायाचित्राशी जुळवून दिलेले नाव पुरेसे नाही. जतन केलेला नमुना, नेमके स्थळ, दिनांक आणि अद्ययावत पुनरीक्षणाचा आधार हवा. अन्यथा सूची वाढतील, ज्ञान वाढणार नाही. हॅम्पसन यांचा खरा सन्मान त्यांचे तक्ते उतरविण्यात नसून ते तपासण्यात आहे.