मानवतपासून लांब राहिलेली कादंबरी

संभाजीनगरहून परभणीकडे जाताना सेलू मागे पडलं की मानवत रोड स्टेशन लागतं. १९७२च्या दुष्काळात इथल्या मानवत गावात एकामागून एक खून पडू लागले. बळी बहुतेक बायका आणि लहान मुली. गुप्तधन, मूल व्हावं म्हणून नवस, नरबळी असं सगळं तपासात पुढे आलं. तपास केला तो रामन राघव प्रकरणामुळे नाव झालेल्या रमाकांत कुलकर्णी यांनी.

मनोवैज्ञानिक थरारकादंबरीला आणखी काय हवं? १९८१ साली अमोल पालेकरांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर ‘आक्रीत’ हा याच खुनांवरचा चित्रपट काढला. २०२४ मध्ये कुलकर्णींच्या इंग्रजी आठवणींवर बेतलेली ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका आली. त्या तोडीची मराठी कादंबरी मात्र माझ्या तरी वाचनात नाही.

आपल्याकडे रहस्यकथा कमी लिहिल्या गेल्या असं कोण म्हणेल? बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक, दोघांनीही हजारी ओलांडली. सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासने या कथेला तरुण, खट्याळ भाषा दिली. पण खुन्याचं नाव शेवटच्या पानापर्यंत दडवायचं हा या साऱ्यांचा करार. जो माणूस वाचकापासून लपवायचा, त्याच्या मनात लेखक उतरणार कसा? मग शेवटी कबुलीजबाबाच्या दोन परिच्छेदांत वारसाहक्क नाहीतर सूड उरकला जातो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मनात शिरले, पण बहुधा भयाच्या, गूढाच्या वाटेने. अपराधाची बोच तिथेही क्वचितच. अलीकडे हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’ या अंधाराच्या बरीच जवळ जाते. तपासाशी मात्र तिला फारसं देणंघेणं नाही.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ (२००५) मध्ये खून सुरुवातीलाच वाचकासमोर होतो. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण तो खून झाकणारा गणिताचा शिक्षक कुठवर टिकेल, हा प्रश्न असतो. दोस्तोयव्हस्कीने हेच १८६६ मध्ये केलं होतं. आपले समीक्षक त्याला डोक्यावर घेतात आणि अर्नाळकरांना भाड्याच्या वाचनालयात सोडून येतात. मधली जागा रिकामीच.

मराठवाड्याच्या कादंबरीने दुष्काळ, रझाकार, जात, शेती हे विषय हक्काने घेतले. खून तिच्या लेखी बातमीच राहिला. तपासाची खरी भाषाही पानावर उतरली नाही: घाईने उरकलेला पंचनामा, तिसऱ्यांदा बदललेला जबाब, उलटतपासणीत फितूर झालेला साक्षीदार. आमचा गुप्तहेर पिस्तूल काढतो, पंचांच्या सह्या कधी घेत नाही!

संभाजीनगरच्या अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात खुनाचे खटले सहसा खुल्या कोर्टात चालतात. शहरातल्या नव्या लेखकांनी तिथे काही दिवस मागच्या बाकावर बसून ऐकावं, आणि खुन्याचं नाव पहिल्याच पानावर सांगून टाकावं.