वन्स मोअर आणि आपले कान

मराठी संगीत नाटकावर आजवर ढीगभर लिहून झालं. गाणाऱ्यावर लिहिलं, चालींवर लिहिलं, नटाच्या शालू-शेल्यावरसुद्धा लिहिलं. ऐकणाऱ्यावर लिहायची पाळी आली की मात्र 'रसिक' हा एक शब्द टाकून मोकळे. हा रसिक कोण? कोणत्या आळीतून आला? टाळी नेमकी कशाला दिली? मित्रहो, प्रस्थापित समीक्षेनं हे विचारलं नाही. आपल्याला विचारावं लागेल.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उभं राहिलं. १८८२ ला 'सौभद्र' आलं. पदांच्या चाली आल्या कुठून? साकी, दिंडी, ओवी, कीर्तन, लावणी. म्हणजे जात्यावरून, देवळातून आणि तमाशाच्या फडातून. लावणीची चाल नाट्यगृहात गेली, लावणी गाणारी महार-मांग-कोल्हाटी माणसं बाहेर राहिली. चालीला विटाळ नव्हता. गळ्याला होता.

मग 'वन्स मोअर' आला. शब्द साहेबाचा, हौस पांढरपेशांची. बालगंधर्वांच्या काळात वन्स मोअर घेत घेत नाटक पहाटेपर्यंत चाले. वन्स मोअर पडला की कथा थांबते. पात्र दुःखात असलं तर ते पुन्हा एकदा दुःखात पडतं, आधीपेक्षा सुरेल पडतं. प्रेक्षकाला दुःखाशी घेणंदेणं नसतं. त्याला दुःखाचा सूर परत पाहिजे असतो.

८ जुलै १९२१ चा मुंबईतला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग घ्या. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. कोणाच्या पदानं बाजी मारली याच्या गप्पा पुढं पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. पण खाडिलकरांच्या या १९११ च्या नाटकातला अपमान कोणता? धैर्यधर गरीब सैनिक, म्हणून श्रीमंत भामिनी त्याला नाकारते. एवढाच. या प्रयोगाच्या दीड वर्ष आधी, ३१ जानेवारी १९२० ला, बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला होता. त्यातल्या अपमानासाठी त्या थिएटरात पद नव्हतं, पेटी नव्हती. 'मानापमान'वर नाट्यगृह डोललं, पाणवठ्यावरचा मानापमान त्याच्या कानी गेला नाही.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. खाँसाहेबांची भूमिका गाजवली ती मूर्तिजापुरात जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांनी. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. गोष्ट विद्येची आहे. खाँसाहेब आपली गायकी घराण्याबाहेर द्यायला तयार नाहीत. सदाशिव नावाचा तरुण त्यांच्या हवेलीत राहून ती चोरून ऐकतो, चोरून उचलतो.

तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती रस्त्यावरचं गाव. अशा गावाला संगीत नाटकाचा संच परवडत नाही. आपल्याकडे दंडार, खंजिरीवरचं भजन आणि भीमगीतं. संगीत नाटक आलं ते रेडिओवरून, आता मोबाईलवरून. म्हणून 'कट्यार'चं ध्वनिमुद्रण विहारात लावलं. वीस-पंचवीस माणसं बसली होती. एक पोरगा दहा मिनिटांत उठला. म्हणाला, "आ-आ-आ करून राह्यला बुवा नुसता. आपलं काय हाये याच्यात?" दुसरा, बी.ए.ला असलेला, म्हणाला, "सदाशिव म्हणजे एकलव्यच आहे, सर."

तेव्हा मागं बसलेली एक म्हातारी बोलली. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेली बाई. म्हणाली, "एकलव्य कायचा रे बाप्पा? चोरून आयकाले बी घराच्या आत तं जाऊ देल्लं पाह्यजे. आपल्याले अंगणात तरी कोन येऊ देत होतं?"

माझ्या वाचनात 'कट्यार'वर एवढी नेमकी समीक्षा आली नाही.

सदाशिवाला कष्ट आहेत, उपेक्षा आहे, हे खरं. पण त्याला उंबरठा ओलांडता येतो. गौतम धर्मसूत्रानं वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू ओतायला सांगितलं. आपल्या कानांचा इतिहास तिथून सुरू होतो. नाट्यगृहातला सवर्ण प्रेक्षक सदाशिवासाठी कळवळतो, कारण नाकारला गेलेला त्याच्या घरातला आहे आणि विद्या दाबून ठेवणारा खाँसाहेब आहे. घराण्यांचा कोतेपणा खोटा नव्हता. दारव्हेकरांनी खाँसाहेबांना मोठेपणही दिलं आहे. पण विद्या दाबून ठेवण्याचं हजारो वर्षांचं काम या देशात कोणत्या घरानं केलं, हे त्या टाळीला आठवत नाही. टाळी वाजवून प्रेक्षक सुटतो. ज्याच्या आजानं आपल्या आजाला शाळेच्या पायरीवर बसवलं, तोही इथं विद्येच्या मोकळेपणासाठी डोळे पुसून घरी जातो.

मग काय, हे गाणं फेकून द्यायचं? काही कार्यकर्ते तसं म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या चाली आपल्या माणसांच्या गळ्यातून गेल्या, त्या त्यांच्या नावावर सोडून देणं म्हणजे सातबारा स्वतःच लिहून देणं. वसंतरावांची तान ऐकून अंगावर काटा आला तर येऊ द्या. त्यात बाटण्यासारखं काही नाही. पण काटा बसल्यावर त्या म्हातारीसारखा प्रश्न सुचला पाहिजे.

असे ऐकणारे आपण तयार केले होते. सत्यशोधकांनी जलसे केले. पुढं १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगतात. का म्हणाले असतील? जलशातलं गाणं ऐकून माणूस मेलेलं ढोर ओढणं सोडायचा, पोराला शाळेत घालायचा. जलशाचं वन्स मोअर दुसऱ्या दिवशी महारवाड्यात दिसायचं.

आणि आज? चौदा एप्रिलच्या आर्केस्ट्र्यात काय चालतं ते बघा. एकच गाणं तीनदा, नोटा उडतात, डी.जे.नं भिंती हादरतात. गाण्यात बाबासाहेबांचं दुःख आहे, आणि आपण त्याचा ठेका परत मागतो. नाट्यगृहातल्या पांढरपेशाची जी खोड वर सांगितली, ती आपल्या मंडपात येऊन बसली आहे. त्याला शिव्या घालण्याआधी आपला मंडप झाडला पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, एवढं करा. येत्या जयंतीला गाण्याच्या कार्यक्रमानंतर माईक लगेच बंद करू नका. अर्धा तास ठेवा. गायकाला खाली बसवा आणि ऐकणाऱ्यांना बोलू द्या, बायांना आधी. गाणं कशाबद्दल होतं आणि त्यातलं काय अजून व्हायचं राहिलं, एवढेच दोन प्रश्न विचारा. उत्तरं लिहून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आम्ही ती छापू.