पंडिता रमाबाईंची इंग्लंडमधील पत्रे : श्रद्धा आणि संशय

पंडिता रमाबाईंच्या धर्मान्तराची चर्चा बहुधा त्यांच्या १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदनाच्या आधारे केली जाते. आपणांस प्रथम ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त लाभला तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, अशी त्या निवेदनाची मांडणी आहे. ती स्वीकारली म्हणजे १८८३ ते १८८६ या काळातील त्यांची इंग्लंडमधील पत्रे आपोआपच कच्च्या श्रद्धेची पत्रे ठरतात. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष मान्य नाही. संशय जागा असताना श्रद्धा कशी टिकते याचा जिवंत पुरावा त्या पत्रांतच आहे. आत्मनिवेदनात तो पुसट झाला आहे.

या पत्रांचा संग्रह अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. परंतु त्याची मूळ जुळवणी केली ती वाँटेज येथील मठवासिनी सिस्टर जेराल्डिन यांनी. त्या रमाबाईंच्या धर्ममाता, आणि वादातील प्रतिपक्षही त्याच. पत्रे त्यांनी जपली, निवडली आणि त्यांवर स्वतःचे खुलासेही जोडले. एका पक्षकारानेच मांडलेले हे कागद आहेत, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. तरीही रमाबाईंचा आवाज त्यांतून दबत नाही. आपणांस प्रतिकूल असलेली पत्रे जेराल्डिन यांनी नष्ट केली नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणाही नोंदविला पाहिजे.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने. बहिरेपणामुळे तो हेतू तडीस गेला नाही. मागे आई, वडील, बंधू आणि पती यांचे मृत्यू होते. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथेच आत्मघात केला. त्यानंतर अल्पावधीतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. एकाकी मनाचा हा आश्रय होता, असे म्हणणे सोपे आहे. पण आश्रयार्थी मनुष्य आश्रयदात्याशी पुढची दोन-अडीच वर्षे वाद घालीत बसत नाही.

वाद होता तो मुख्यतः त्रैक्याचा, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचा आणि अथनेशियन मतांगीकाराचा. प्रेषितांचा मतांगीकार रमाबाईंना उच्चारता येत होता. अथनेशियन मतांगीकार येत नव्हता. या दुसऱ्या सूत्रात त्रैक्याचे सूक्ष्म निरूपण आहे आणि ते न मानणाऱ्याच्या विनाशाची धमकीही आहे. रमाबाईंची हरकत केवळ बुद्धीला न पटणाऱ्या गूढाला नव्हती. गूढाची सवय त्यांना शास्त्राभ्यासातून होतीच. त्यांचा प्रश्न प्रमाणाचा होता. हे वचन ग्रंथात कोठे आहे, आणि नसेल तर ते मानण्याची सक्ती कोणाच्या अधिकाराने, असे त्या विचारतात. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्येची ही पद्धती शास्त्रार्थाची आहे. सिस्टर जेराल्डिन यांना तिच्यात अहंकार दिसला. कारण मठात शिष्येचे पहिले कर्तव्य आज्ञापालन, तर शास्त्रार्थात प्रश्न विचारणे हीच विद्येची शिस्त. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांना हा भेद अधिक कळला होता. त्यांनी या प्रश्नांकडे प्रश्न म्हणूनच पाहिले.

मे १८८५ च्या एका पत्रात रमाबाई सांगतात की भारतातील पुरोहितवर्गाचे जू आपण महाप्रयासाने मानेवरून उतरविले. आता तसलेच दुसरे जू स्वखुशीने घेण्याची आपली तयारी नाही. हे वाक्य ख्रिस्ती धर्माविरुद्ध आहे असे समजणारा वाचक फसतो. ते ख्रिस्ताच्या अनुयायित्वात राहून, त्याच्या नावाने हुकूम सोडणाऱ्यांविरुद्ध लिहिलेले आहे. क्रूसावरील अक्षरांचा वादही याच जातीचा. ती लॅटिनमध्ये असावीत हे रमाबाईंना रुचले नाही. लॅटिनमध्ये असे काय आहे जे संस्कृतात नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

मग त्यांची श्रद्धा टिकली कशावर? येथे मात्र आत्मनिवेदनाचाच आधार घ्यावा लागतो. फुलहॅम येथे पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचली. त्यांच्या निष्ठेचे मूळ या अनुभवात रुजले होते, सिद्धान्तात नव्हे. म्हणून सिद्धान्ताविषयीचा संशय त्या मुळापर्यंत पोहोचला नाही. ज्याविषयी मन साक्ष देते तेवढेच ‘मी मानते’ म्हणून उच्चारायचे आणि उरलेले उघडपणे शिल्लक ठेवायचे, अशी ही रीत आहे.

या रीतीची दुबळी बाजूही सांगितली पाहिजे. रमाबाई बायबल हे स्वयंसिद्ध प्रमाण धरतात. पण त्या ग्रंथसमूहाची निश्चिती ज्या परंपरेने केली तिचाच अधिकार त्या नाकारतात. जेराल्डिन यांच्या आग्रहात या मुद्द्यापुरते तथ्य होते. मंडळीत प्रवेश करून तिचा मतांगीकार बाहेर ठेवता येतो काय, हा प्रश्न अप्रामाणिक नव्हता. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीच्या सभासद आहोत हे रमाबाईंचे उत्तर उदात्त आहे, पण त्याने प्रश्न संपत नाही.

येथे नीळकंठशास्त्री गोरे यांची आठवण अपरिहार्य आहे. ब्राह्मो मतापासून आपले मन वळले ते त्यांच्यामुळे, असे रमाबाईंनीच लिहिले आहे. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला, ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिणारा हा पंडित स्वतः जन्मभर शंकांनी ग्रासलेला होता. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय रमाबाईंच्या नेमका उलट : ते मंडळीच्या अधिकाराकडे अधिकाधिक झुकत गेले. तरी मठाची अंतिम व्रते त्यांनी घेतली नाहीत आणि शंकाही सुटल्या नाहीत. १८९५ मध्ये ते वारले ते ख्रिस्ती म्हणूनच. अधिकार स्वीकारणारा आणि नाकारणारी, दोघांनाही संशयाने सोडले नाही, आणि दोघांनीही ख्रिस्ताला सोडले नाही. संशय म्हणजे श्रद्धेचा अभाव, या समजुतीला याहून बळकट उत्तर आपल्या वाङ्मयेतिहासात क्वचितच सापडेल. रमाबाईंच्या शंकांत त्यांचे ‘बाटणे’ पोकळ असल्याचा पुरावा शोधणारे स्वकीय टीकाकार आणि त्यांत केवळ अवज्ञा पाहणारे मिशनरी, हे दोन्ही पक्ष याच समजुतीचे बळी होत.

१९०७ चे निवेदन खोटे आहे असा याचा अर्थ नव्हे. साक्षीच्या वाङ्मयप्रकाराला ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशी विभागणी लागतेच. पत्राला तिची गरज नसते, कारण पत्रलेखकास पुढचे ठाऊक नसते. शिवाय १८९१ नंतरच्या रमाबाईंतही जुनी वादिनी शिल्लक होतीच. ग्रंथ हेच प्रमाण, तर तो मध्यस्थावाचून वाचता आला पाहिजे, हा आग्रह त्यांनी उतारवयात कृतीत आणला. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत उतरविले, आणि केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी छापखान्याचे काम केले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या. ते भाषान्तर १९२४ साली प्रसिद्ध झाले.