बाहुलीची साक्ष

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या खटल्यात वर्णानुसार विभक्त केलेल्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांच्या कार्याचा निर्देश आहे. केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्याने कृष्णवर्णीय बालकांपुढे गोऱ्या व तपकिरी बाहुल्या ठेवून, चांगली कोणती आणि वाईट दिसते ती कोणती, असे विचारले होते. बहुसंख्य बालकांनी गोरी बाहुली पसंत केली. विभक्त शाळा मुलांच्या मनात न्यूनगंड रुजवितात, या मताला त्यातून बळ मिळाले.

तथापि ही साक्ष वाटते तितकी सरळ नाही. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातील २५३ बालकांपैकी १३४ दक्षिणेतील विभक्त शाळांमधील, तर ११९ उत्तरेतील मिश्र शाळांमधील होती. आणि गोऱ्या बाहुलीचा ओढा अधिक आढळला तो या दुसऱ्या गटात! निकाल न्याय्यच होता, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका नाही. परंतु नागरिकाचा हक्क बालमनाच्या जखमेवर उभा केला, की जखमेचे माप घेणारा कोणीही तो हिरावू पाहतो. १९६३ मध्ये जॉर्जियातील सव्हाना येथे हेच घडले. मिश्र शाळांनीच कृष्णवर्णीय मुलांची हानी होईल, अशा ‘शास्त्रीय’ साक्षी ग्राह्य धरून तेथील संघीय न्यायालयाने विभक्त शाळा कायम ठेवल्या. वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय १९६४ मध्ये फिरविला.

आकड्यांतील हे कोडे टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या कादंबरीत माणसांच्या रूपाने भेटते. कथा ओहायोतील लोरेन गावची, १९४०-४१ ची. येथे गोरी व काळी मुले एकाच शाळेत शिकतात. तरीही निळे डोळे मागणाऱ्या पेकोलाला घेरून तिच्या काळेपणावरून हिणवणारी मुले स्वतः काळीच आहेत. उजळ वर्णाची मॉरीन शाळेत येताच शिक्षकांचे चेहरे खुलतात. कादंबरीच्या आरंभी शालेय वाचनपाठाच्या धर्तीचा, सुखी कुटुंबाचा उतारा आहे. तो तीनदा येतो: प्रथम विरामचिन्हांसह, मग त्यांवाचून, शेवटी शब्दांमधील अंतरही गिळून. शाळेत प्रवेश मिळाला, पण पाठ्यपुस्तकातले घर परक्याचेच राहिले, हे मॉरिसन अक्षरांच्या मांडणीतूनच दाखवितात. या रचनेला निव्वळ प्रयोगशीलता समजणे उथळपणाचे होईल.

येथेही एक बाहुली आहे. निवेदिका क्लॉडिया नाताळात मिळालेली निळ्या डोळ्यांची बाहुली मोडून तोडून पाहते. सर्वांना तिच्यात एवढे सुंदर काय दिसते, ते तिला शोधायचे असते. क्लार्क यांच्या प्रश्नांत अशा उत्तराला जागा नव्हती. मॉरिसन मात्र याही बंडाचा गौरव करीत थांबत नाहीत. पुढे क्लॉडियाही गोरेपणावर प्रेम करावयास शिकते, आणि आपण सुधारलो नाही, केवळ जुळवून घेतले, हे तिला पुरते ठाऊक असते.