जबड्यांच्या एका जोडीवरून

सर्वांत जुना कीटक कोणता, या प्रश्नाला अनेक पुस्तकांत ‘ऱ्हायनिओग्नाथा हर्स्टी’ हे उत्तर सापडते. प्रत्यक्ष नमुना म्हणजे जबड्यांची एक जोडी आणि डोक्याचे काही अस्पष्ट अवशेष. ते स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गावाजवळच्या, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या चर्ट या गारेसारख्या दगडात मिळाले. हर्स्ट आणि भारतीय कीटकशास्त्रज्ञ मौलिक यांनी १९२६ साली तेथील संधिपाद प्राण्यांचे वर्णन केले. १९२८ साली टिलयार्ड यांनी या जबड्यांसाठी नवी प्रजाती स्थापली.

खरी खळबळ झाली २००४ साली. एंगेल व ग्रिमाल्डी यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले, की या जबड्याला डोक्याशी जोडणाऱ्या दोन बिजागऱ्या आहेत. पण दोन बिजागऱ्या तर आपल्या पुस्तकांतल्या कसरीलाही असतात, आणि तिला पंख नसतात. म्हणून लेखकांनी जबड्याच्या आखूड, त्रिकोणी आकारावर भिस्त ठेवली आणि या प्राण्याला कदाचित पंख असतील, असे सुचवले. पंखांचे निर्विवाद जीवाश्म सुमारे साडेबत्तीस कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे एका जबड्याने उड्डाणाचा इतिहास आठ कोटी वर्षे मागे जाणार! त्या लेखातील ‘कदाचित’ पुढे अनेकांनी गाळले, हा दोष लेखकांचा नव्हे.

त्यांचे निरीक्षण बारकाईचे आहे, यात शंका नाही. तुलना मात्र आम्हांस अपुरी वाटते. नवी प्रजाती ठरवताना नमुना कशासारखा आहे याबरोबरच तो आणखी कशासारखा असू शकेल, हेही तपासावे लागते. येथे गोमेच्या गणगोताला पुरेशी जागा मिळाली नाही. ते काम २०१७ साली कॅरोलिन व योआखिम हाउग यांनी केले. डोक्याच्या उरलेल्या अवशेषांकडे लक्ष देऊन हा प्राणी आदिम गोम असण्याची शक्यता अधिक, असे त्यांनी मांडले. आम्हांला हे वाचन अधिक पटते. तरी तेही त्याच एका नमुन्यावर उभे आहे. तेव्हा पुस्तकातला ‘कीटक’ खोडून तेथे ‘गोम’ लिहायची घाई नको.

प्राणी गोम ठरला तरी नाव बदलणार नाही, कारण नाव नमुन्याला बांधलेले असते, वर्गीकरणातल्या जागेला नव्हे. आणि टिलयार्ड यांनी दिलेल्या नावाचा अर्थ तरी काय? ‘ऱ्हायनीचा जबडा’. एवढेच.