इतिहास बदलण्याची कल्पना आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’

‘तसे झाले असते तर’ हा प्रश्न विजयी समाजास सहसा पडत नाही. तो पराभूतांचा प्रश्न आहे. मराठी मनास तो १४ जानेवारी १७६१ पासून छळीत आला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत त्यास कलारूप दिले, म्हणून तिचा विचार येथे कर्तव्य आहे.

मार्क ट्वेनच्या १८८९ मधील कादंबरीचा नायक राजा आर्थरच्या काळात जाऊन इतिहास बदलू पाहतो आणि अखेर फसतो. नारळीकरांची वाट निराळी आहे. त्यांचे प्राध्यापक गायतोंडे इतिहास बदलावयास निघत नाहीत. बदललेला इतिहासच त्यांच्यापुढे उभा राहतो. विश्वासरावांस लागलेली गोळी तेथे केवळ चाटून जाते आणि मराठे पानिपत जिंकतात. एवढ्या मोठ्या उलथापालथीचा पुरावा काय, तर बखरीचे एक फाटके पान! इतिहाससंशोधकाच्या हाती असा पुरावा ठेवण्यात लेखकाची मार्मिकता दिसते. पुढे राजेंद्र देशपांडे पुंजवादाच्या आधारे उलगडा करतात. हा भाग काहीसा व्याख्यानासारखा झाला असला तरी कथेच्या तर्कास त्यावाचून गत्यंतर नव्हते.

आमचा आक्षेप वेगळा आहे. लेखक या पर्यायी इतिहासाचा जमाखर्च पुणे-मुंबईच्या दृष्टीने मांडतो. मुरारमध्ये बसून कथा वाचणारास दुसराच प्रश्न पडतो: पानिपत जिंकले असते, तर आम्ही येथे असतो काय? दत्ताजी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले, जनकोजी पानिपतानंतर मारले गेले. म्हणून शिंद्यांची सरदारी पुढे महादजींकडे आली. ते स्वतः जखमी पायाने रणांगणातून वाचले आणि त्याच पराभवाची भरपाई करण्यात त्यांचे आयुष्य गेले. दौलतरावांच्या छावणीतून १८१० मध्ये लष्कर वसले आणि ग्वाल्हेरीत मराठी घरे रुजली. १६ जून १८५८ रोजी मुरारला इंग्रजांशी जी लढाई झाली, तिलाही मग कारण उरले नसते. म्हणजे विश्वासरावांची गोळी चुकविणारा लेखक नकळत आमचीही वंशावळ पुसून टाकतो. ज्या जखमेबद्दल आपण हळहळतो, तिच्यातूनच आपण जन्मलो आहोत, ही या कल्पनेतील खरी शोकांतिका होय. कथा तिच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि तेथूनच मागे वळते.

यात दोष केवळ लेखकाचा नाही. काही अंशी तो वाङ्मयप्रकाराचा आहे. लघुकथेला एक धक्का पुरतो. गायतोंडे त्या जगाचे पाहुणे आहेत. तेथे त्यांना संसार करावयाचा नाही. कादंबरीकारास मात्र ही सवलत मिळत नाही. त्याला बदललेल्या इतिहासात माणसे जगवावी लागतात आणि जी माणसे त्यामुळे जन्मलीच नाहीत त्यांचा हिशेब द्यावा लागतो. या कल्पनेला कादंबरीचाच पैस हवा.

तरीही या कथेचे ऋण मोठे आहे. तिचे इंग्रजी रूप ‘हॉर्नबिल’ या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले आणि अमराठी मुलांसही पानिपत भेटले. शिक्षकांनी ती शिकविताना ‘आपण जिंकलो असतो तर’ येथे थांबू नये. ‘मग आपण कोण असतो?’ हेही विद्यार्थ्यांस विचारावे. तो प्रश्न विचारण्याचे धैर्य नारळीकरांच्या कथेनेच आपणांस दिले आहे.